घोंगडीचे कौतुक, कातणारीचे काय?

शहरातल्या प्रदर्शनांत घोंगडी आता मिरवते. दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि राठ, तिच्या कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ मऊ. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी मांसासाठी पाळतात, तिच्या अंगावर लोकर जेमतेम. मेंढी बदलली की सूत बदलते, हे कौतुकाने सांगितले जाते. पण ती लोकर निवडणारी, पिंजणारी, कातणारी धनगर बाई पाटीवर कुठेच नसते. सणगराचा माग चालतो तो तिच्या सुतावर. तिचे कातणे मात्र ‘घरकाम’, म्हणून फुकट!

मेरिनोच्या मापाने दख्खनी लोकर निकृष्ट ठरवायची, मातीमोल घ्यायची आणि तिचीच घोंगडी ‘वारसा’ म्हणून विकायची, हा दुटप्पीपणा आहे. जात नुसती कामे वाटत नाही, कामगारांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. त्या उतरंडीला ‘परंपरा’ म्हणणे ही निव्वळ रंगरंगोटी.

आपली मागणी साधी आहे : कातणाऱ्या हाताला किलोमागे रोख मजुरी आणि तिच्या मुलीला चरखा सोडण्याचा हक्क. ज्याला कातायचे त्याने कातावे, जात कोणतीही असो.

जय भीम!