सुटीतील भोजन आणि बिलाचे वाचन

दिवाळीच्या सुटीत मध्यमवर्गीय कुटुंबे सहलीला निघतात आणि वर्षभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहिणीला दोन दिवस तरी आयते ताट मिळते. बाहेरचे जेवण म्हणजे उधळपट्टी, हा जुना आक्षेप म्हणूनच निकालात काढला पाहिजे. प्रश्न उरतो तो विवेकाचा. चौघांनी चार पदार्थ मागवून निम्मे टाकण्यापेक्षा साध्या खाणावळीतील थाळी केव्हाही परवडते. शिवाय जेथे गिऱ्हाइकांची वर्दळ, तेथे अन्न ताजे मिळण्याचा संभव अधिक.

तथापि खिशाला खरी कात्री लागते ती बिलाच्या तळाशी. सामान्य उपाहारगृहातील ५ टक्के जीएसटी सरकारचा, तो द्यावयाचाच. कंपोझिशन योजनेतील छोट्या खाणावळीला मात्र तोही गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. ‘सेवाशुल्क’ हा तर करच नव्हे. ते परस्पर बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती भूमिका उचलून धरली. तरीही ते आढळल्यास काढावयास सांगावे. मालक न ऐकेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

चारचौघांत हुज्जत नको म्हणून आपण मुकाट्याने पैसे मोजतो आणि आपल्या याच भिडेवर ही प्रथा पोसली जाते. वाढप्याला बक्षिसी जरूर द्यावी. पण ती स्वखुशीने आणि त्याच्याच हातात. सक्तीने वसूल केलेल्या रकमेला सेवेचे नाव शोभत नाही.