व्हीएलसीच्या नकारात एक ओळ वाढवा

व्हिडिओलॅन संस्था, पॅरिस यांस,


लिनक्सवर कुणी व्हीएलसी प्लेअर रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून, सुरू करू गेलं, की तो ‘क्षमस्व’ म्हणून थांबतो. हा नकार कधीही मागे घेऊ नका, हे आधीच सांगतो. प्लेअर कुठकुठून आलेल्या फाइली उघडतो. साध्या सबटायटलच्या फाइलीतूनही संगणकाचा ताबा घेता येतो, हे चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 2017 साली दाखवलं, आणि त्या प्लेअरांत तुमचाही होता. तुम्ही ती फट बुजवलीत. पण अशी फाइल रूटच्या अधिकारात उघडली असती, तर एका माणसाच्या फाइलींवर न भागता सगळी यंत्रणाच हातची गेली असती.

माझी तक्रार नकारानंतरच्या मजकुराबद्दल आहे. रिअल-टाइम प्राधान्य किंवा राखीव टीसीपी पोर्ट हवे असतील तर ‘व्हीएलसी-रॅपर’ वापरा, असं तिथे लिहिलेलं असतं. समोरच्या माणसाला यातलं काहीच नको असतं. त्याला सिनेमा बघायचा असतो. दुसऱ्या संगणकावरून आणलेल्या डिस्कवरच्या फाइलींची मालकी भलत्याच वापरकर्त्याकडे असते, किंवा तो स्वतः डीव्हीडीसाठी लागणाऱ्या ‘सीडीरॉम’ किंवा टीव्ही ट्यूनरसाठी लागणाऱ्या ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये नसतो. व्हीएलसी त्याला ‘इनपुट उघडता येत नाही, लॉग बघा’ म्हणतो. लॉग म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला माणूस मग सुडो लावतो, म्हणजे रूटच्या अधिकारात व्हीएलसी सुरू करू बघतो. दुसरं काय करणार?

तिथेही दार बंद दिसलं, की त्याच्या हाती वर्षानुवर्षं फिरत असलेला तोडगा पडतो. प्रोग्रॅमच्या फाइलीत ‘गेटईयूआयडी’ शोधायचं आणि तिथे ‘गेटपीपीआयडी’ लिहायचं. इंग्रजीत दोन्ही नावांतल्या अक्षरांची संख्या सारखीच, त्यामुळे फाइल मोडत नाही. पण ‘मी कोण?’ असं कर्नलला विचारणारा प्लेअर आता ‘मला सुरू करणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक काय?’ असं विचारू लागतो. रूटचा ओळख-क्रमांक शून्य, आणि हे उत्तर शून्य येत नाही, म्हणून पहारा आपोआप उठतो. एका ओळीच्या आज्ञेने तुमची सगळी काळजी पुसली जाते. अपडेट आलं की बदल जातो आणि माणूस तो पुन्हा करतो.

एवढं करूनही दुखणं बरं होत नाही. ध्वनियंत्रणा लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, म्हणून रूटच्या व्हीएलसीला पुष्कळदा आवाजच मिळत नाही. सेटिंगची फाइल रूटच्या मालकीची झाली, तर पुढे साध्या वापरकर्त्याला सेटिंग बदलून जपताही येत नाही. खरा इलाज बहुतेक वेळा साधा असतो: ‘एलएस -एल’ने मालक आणि ग्रुप बघायचा, ‘आयडी’ने आपले ग्रुप बघायचे, ‘चोन’ने मालकी परत घ्यायची किंवा ‘यूजरमॉड -एजी’ने ग्रुपमध्ये शिरायचं. यातलं ‘ए’ मात्र विसरू नये, नाहीतर आधीचे ग्रुप जातात. मग लॉगआउट करून परत यायचं.

हे ज्ञान तुमच्याकडे आहेच. 1996 साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तुम्ही कोट्यवधी लोकांना फुकट प्लेअर दिलात, म्हणून हक्काने मागतो. परवानगीअभावी फाइल उघडली नाही, तर त्याच खिडकीत तिचा मालक आणि ग्रुप दाखवा. आणि रूटला नकार देताना रॅपरच्या आधी एवढं लिहा: ‘सुडो नको, फाइलीची किंवा उपकरणाची परवानगी तपासा.’ मराठी भाषांतर करायला मी तयार आहे.

आपला,
व्हीएलसीचा एक मराठी वापरकर्ता