आधी ताट की आधी मैदान?

गॅदरिंग जवळ आलं, घरात कुणाचं लग्न ठरलं किंवा भरतीची जाहिरात निघाली, की कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘यार, वजन कमी करायचंय.’ मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, ‘उद्या पाचला मैदानावर ये, महिन्यात उतरवतो.’ दुसरी म्हणते, ‘पळून काही होत नाही, रात्रीचं जेवण सोड.’ आठवडाभर पळून पिंढऱ्या भरून येतात, चार रात्री उपाशी झोपून डोकं चढतं आणि पाचव्या दिवशी गाडी परत वडापाववर येते.

तर मित्रांनो, मुरुम-उमरग्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत सगळ्यांना पडणारा हा प्रश्न आज सरळ घेऊ. वजन कमी करायचं तर आधी खाणं बदलायचं की आधी व्यायाम सुरू करायचा? आमचं उत्तर आहे, आधी ताट. त्याच्या पाठोपाठ मैदान. पण ज्याला मुळात वजन कमी करायची गरजच नाही, त्याच्यासाठी हे उत्तर नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी थोडं गणित. साठ किलो वजनाचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला, तर साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. त्यातल्याही काही तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. आता दुसरी बाजू बघा. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, एक ग्रॅम तेलात ९. तीनशे मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. ती बाटली दोन मिनिटांत संपते आणि ती फेडायला अर्धा तास चालावं लागतं.

कोल्ड्रिंक रोज कोण पितं, असं म्हणाल. मग चहाचं बोलू. आपला भाग उसाचा. मुरुमला विठ्ठलसाई साखर कारखाना आहे. उसाचे ट्रॅक्टर बघतच आपण मोठे झालो. आपल्याकडे चहा म्हणजे गोडच. पाहुण्याला कमी साखरेचा चहा दिला तर तो काय म्हणेल, हीच चिंता. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर धरा. घरी, स्टँडवर, कँटीनमध्ये, परत घरी असे दिवसाला पाच कप झाले, तर पन्नास ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी नुसत्या साखरेच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात वरून घातलेली साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत हवी. आपण चहातच तिच्या दुप्पट जातो. हीच साखर बंद केली तर महिन्याला सहा हजार कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे कागदावर तरी पाऊण किलोचा हिशेब, तोही बूट न घालता.

हे नुसतं कागदी गणित नाही. अमेरिकेत सिएटलला वजन जास्त असलेल्या, पाळी थांबलेल्या ४३९ महिलांवर एक अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे चार गट केले होते. वर्षाच्या शेवटी नुसता व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी २.४ टक्के उतरलं. नुसता आहार बदलणाऱ्यांचं ८.५ टक्के. दोन्ही करणाऱ्यांचं १०.८ टक्के. चौथ्या गटाने काहीच बदललं नाही, त्यांचं एक टक्काही उतरलं नाही. त्या महिला तुमच्या वयाच्या नव्हत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण कौल कुठल्या बाजूला आहे, ते स्पष्ट दिसतं.

असं का होतं? एक तर व्यायामानंतर भूक वाढते, आणि ‘आज चार राउंड मारलेत, दोन भजी चालतात’ हे लॉजिक आपण सगळेच लावतो. दुसरं, शरीर मोठं काटकसरी आहे. टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात. ते दिवसभर चालतात. हर्मन पाँट्झर या शास्त्रज्ञाने त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर तो शहरात बसून काम करणाऱ्या लोकांइतकाच निघाला. एकीकडे खर्च वाढला की शरीर दुसरीकडे हात आखडता घेतं.

‘पण भरतीची पोरं पळतात, ती तर सडपातळ असतात,’ असं कुणी म्हणेल. पहाटे अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी ही मुलंमुली आपल्याकडे गावोगाव दिसतात. पण ती पळतात ती पोलीस भरतीच्या १६०० मीटर आणि ८०० मीटरच्या वेळेसाठी. त्यासाठी ती खाण्यावरही लक्ष ठेवतात. भरती झाली किंवा वयाची अट संपली की पळणं थांबतं, भूक मात्र तशीच राहते. मग काय होतं, हे ओळखीच्या एखाद्या दादाकडे बघून कळेल. शिवाय ज्याचं वजन वीस किलो जास्त आहे, त्याने पहिल्याच दिवशी धावायला सुरुवात केली तर गुडघे आणि पिंढऱ्या आधी बोलतात. दुखलं की मैदान सुटतं, आणि मैदान सुटलं की ‘माझ्याच्याने होत नाही’ हे मनात पक्कं बसतं. थोडं वजन उतरल्यावर, चालण्यापासून सुरुवात केलेला माणूस जास्त दिवस टिकतो.

आहाराचं म्हणाल, तर महाराष्ट्रात यावर मोठं रणकंदन होऊन गेलं आहे आणि त्याची एक बाजू आपल्या शेजारच्या लातूरची. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचा सल्ला दिला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगतात. घराघरांत दोन पक्ष पडले. दोनदा की दर दोन तासांनी, यावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद झाले. त्या गोंगाटात एक गोष्ट राहूनच गेली. दोघांचीही सुरुवात ताटापासून होते, पुड्यातलं आणि बाटलीतलं गोड दोघांनाही नको आहे, आणि हालचाल दोघंही सोडायला सांगत नाहीत. दीक्षितांच्या पद्धतीतही रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं आहेच. लोकांनी मात्र सोयीचं तेवढं उचललं.

मग ताटात नेमकं काय बदलायचं? महागडे ओट्स किंवा डब्यातली पावडर लागत नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, काकडी-कांदा, ताक, हे आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे. फक्त प्रमाण बघा. भाकरी पौष्टिक म्हणून चार खाल्ल्या तर चारच मोजल्या जातात. शेंगदाण्याची चटणी चांगली, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा ती चटणीसारखीच खावी, भाजीसारखी नाही. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबिरीचा असावा. वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावं, कारण पोट त्याने जास्त वेळ भरलेलं राहतं.

खरी अडचण घरच्या ताटात कमी आणि घराबाहेर जास्त आहे, हे आम्हाला माहीत आहे. सकाळी सहाची एसटी पकडायला उपाशी निघायचं, अकराला भूक असह्य झाली की स्टँडवरचा वडापाव किंवा भजी, मग तीनपर्यंत चहावर चहा. मेसवाल्या मुलांना तर भाजीत तेल किती, हे ठरवायचा हक्कच नसतो. पण काही गोष्टी आपल्या हातात असतात. भाजीवरचा तवंग बाजूला सारता येतो. रात्री भिजवलेले हरभरे किंवा मटकी सकाळी डब्यात टाकता येते. सुशीला घरून बांधून आणता येतो. कोल्ड्रिंकऐवजी ताक घेता येतं, ते स्वस्तही पडतं. पहिले दोन आठवडे एवढंच करा: चहातली साखर अर्ध्यावर आणा, बाटलीतलं गोड बंद करा आणि तळलेलं आठवड्यातून एकदाच खा. हे अंगवळणी पडलं की रोज अर्धा तास भरभर चालायला लागा. वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं तरी पुरे. महिन्यात दहा किलोचं आश्वासन देणाऱ्याकडे पाठ फिरवा.

आता सुरुवातीला म्हटलेली ती गोष्ट. तुम्हाला वजन कमी करायची गरज आहे का, हे कुणी ठरवलं? आरशाने, मोबाईलने, की ‘जाडे’ म्हणून हाक मारणाऱ्या मित्रांनी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. त्याच सर्वेक्षणात जवळपास १९ टक्के महिला गरजेपेक्षा बारीक आणि ५७ टक्के महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, हेही निघालं. बघायला पाहुणे येणार म्हणून महिनाभर अर्धपोटी राहणारी मुलगी आपल्याही वर्गात असू शकते. तिच्या बाबतीत ‘आधी ताट’ याचा अर्थ ताट भरणं असा आहे.

तेव्हा आधी मोजा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. उंची १५५ सेंटिमीटर असेल, तर ४५ ते ५५ किलो वजन ठीकच आहे. १६५ सेंटिमीटर असेल, तर साधारण ५१ ते ६२ किलो. काटा नसेल तर एक दोरी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा आणि मधोमध दुमडा. ती अर्धी दोरी पोटाभोवती आरामात पुरली तर चिंता नाही. पुरली नाही तर पोटावर चरबी आहे, मग काटा काहीही सांगो.

दोरी यासाठी, की नुसतं वजन फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून मैदान लागतंच. नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे आधीच कमी आहेत. सूर्यनमस्कार, जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, यांना जिमची फी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. उतरलेलं वजन टिकवायलाही हेच लागतं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी साडेतेरा किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि किमान वर्षभर परत येऊ दिलं नाही. त्यातले बहुतेक जण दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात. आणि तुमचं वजन योग्य असेल, पण दम लागत असेल, तर डाएटच्या नादी न लागता सरळ मैदानावर या.

शेवटी एक मागणी, तुमच्यामार्फत. संध्याकाळी रस्त्यावर एकटीने चालताना मुलीला दहा नजरा झेलाव्या लागत असतील, तर ‘रोज चाल’ हा सल्ला तिच्या काय कामाचा? कॉलेजचं मैदान सकाळ-संध्याकाळ एक तास मुलींसाठी राखून ठेवा, कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा, ताक आणि उकडलेले हरभरे ठेवा, असं पत्र विद्यार्थ्यांच्या सहीने प्राचार्यांना देता येईल. खर्च फारसा नाही. या आठवड्यात एवढं करा. रोज किती चमचे साखर पोटात गेली ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, दोरीने पोट मोजा आणि त्या पत्रावर सही करा.