गुन्हेगारी इतिहास फक्त आमचाच का?

हिरकणीवाडीच्या रोपवेने रायगडावर जाणाऱ्यांना एक प्रश्न आहे. मराठेशाहीत गड राखणारे रामोशी इंग्रजी राजवटीत गुन्हेगार कसे ठरले?

आपल्याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी 1879 मध्ये सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. पैसा उभा केला तो दरोडे घालून. सोबत होते रामोशी. त्यातले दौलतराव नाईक त्याच वर्षी लढताना पडले. इंग्रजांच्या दप्तरी सगळेच दरोडेखोर. पुढे फडके आद्य क्रांतिकारक झाले, ते योग्यच. मग दौलतराव किती पाठ्यपुस्तकांत आहेत? कृत्य एकच, फरक जातीचा!

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. कायदा 1952 ला रद्द झाला, नजर तीच राहिली. 3 जानेवारी 2018 च्या बंदनंतर आमच्या वस्त्यांतल्या पोरांवर गुन्हे लागले. हातात शस्त्र नव्हते, तरी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो.

आम्ही शस्त्राची बाजू घेत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडायला बजावले. 1927 ला महाडात लाठ्या खाऊनही त्यांनी आपल्या माणसांना उलटा हात उगारू दिला नाही. त्या लाठीवाल्यांचा गुन्हेगारी इतिहास मात्र कुणी काढत नाही.

मित्रांनो, आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. एफआयआरची प्रत घ्या, वकील गाठा, तारीख चुकवू नका. कृत्य कायद्याने मोजा, जातीने नको. हाच आमचा आग्रह.

जय भीम!