लॅपटॉपच्या खोक्यावर निव्वळ जागा छापा

मिरकरवाडा बंदरात उतरलेली कोळंबी लिलावातून सुटून प्रक्रिया कारखान्यात गेली की गोठवताना तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात. तो थर लागतोच. तो नसेल तर शीतगृहात माल सुकतो आणि त्याची चव जाते. तरीही पाकिटावरचे निव्वळ वजन हा बर्फ वगळून सांगायचे, असा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाचा गोठवलेल्या कोळंबीसाठी दंडक आहे. बर्फ गरजेचा आहे म्हणून तो कोळंबीच्या भावाने विकता येत नाही. मासळीच्या धंद्याला लावलेली हीच शिस्त संगणकाच्या धंद्यालाही लावा, एवढीच माझी मागणी आहे. ५१२ जीबीचा म्हणून घेतलेला लॅपटॉप घरी आणून सुरू केला की पडद्यावर जेमतेम ४७६ जीबी दिसतात आणि त्यातली रिकामी जागा त्याहूनही बरीच कमी असते. ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे; पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्यातली एक फसवणूक नाहीच. दुसरीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

५१२ चे ४७६ होतात ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा होतो. ५१,२०० कोटी बाइटांना या मोठ्या मापाने भागले की उत्तर ४७६.८ येते, एकही बाइट कुठे गेलेला नसतो. कोणालाही हे ताडून पाहता येईल. ‘सी’ ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की क्षमतेच्या एकाच ओळीत आधी बाइटांचा लांबलचक आकडा आणि त्याच्या शेजारी जीबीचा छोटा आकडा दिसतो. एक भागाकार केला की खुलासा होतो. माप वाढेल तशी ही तफावतही वाढते: केबीला सुमारे २.३ टक्के, जीबीला ६.९ आणि टीबीला ९.१. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना १९९८ मध्येच किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे देऊन ठेवली आहेत. अॅपलने २००९ मध्ये आपली प्रणाली दशमान मोजणीवर आणली, म्हणून एक टीबीची डिस्क मॅकवर एक टीबीच दिसते आणि विंडोजवर ९३१ जीबी. १९५८ पासून दशमान मापे वापरात आणलेल्या आपल्या देशात गिगा म्हणजे शंभर कोटी हेच रीतीला धरून आहे. तेव्हा या भागाचा दोष द्यायचाच तर तो डिस्क बनवणाऱ्याला नव्हे, विंडोजच्या पडद्याला द्यावा लागेल.

म्हणून ग्राहकाचा गोंधळ हा त्याचा अडाणीपणा ठरत नाही. त्याच खोक्यावर ‘८ जीबी रॅम’ असेही लिहिलेले असते आणि रॅमचे ते ८ जीबी १०२४ च्या हिशेबाचे असतात. एका ओळीत दोन मापे, आणि दोन्हींना नाव एकच. त्यातून ५१२ हा आकडाही दोनाच्या घातातला, म्हणजे संगणकाचा जुना हिशेब ज्याला ठाऊक आहे तोही फसावा असा. अमेरिकेत अशाच खटल्यात सीगेट कंपनीने २००७ मध्ये तडजोड केली आणि ग्राहकांना किमतीच्या ५ टक्के परतावा किंवा मोफत सॉफ्टवेअर देऊ केले. चूक मात्र मान्य केली नाही. त्यानंतर खोक्यांवर ‘१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, प्रत्यक्ष वापरायोग्य क्षमता कमी असू शकते’ अशी बारीक अक्षरातली ओळ सर्रास दिसते. कमी म्हणजे किती, हे ती ओळ सांगत नाही. ग्राहकाला तर नेमके तेच हवे असते.

खरा प्रश्न इथून सुरू होतो, कारण दुसऱ्या प्रकारात जागा खरोखरच जाते. विंडोज स्वतः काही जीबी घेते. २०१९ पासून नव्या संगणकांवर अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखीव ठेवले जातात. हायबरनेशनची फाइल रॅमच्या प्रमाणात जागा अडवते, आभासी स्मृतीची फाइल वेगळी, बिघाड झाल्यास प्रणाली पूर्ववत करण्यासाठी कंपनीने राखलेला कप्पा वेगळा, आणि त्यावर न मागता भरून दिलेली सॉफ्टवेअर. ५१२ जीबीत हे खपून जाते. विंडोज ११ साठी किमान ठरवलेल्या ६४ जीबीत ते खपत नाही. २०१३ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने आपल्या सरफेस प्रो या यंत्राची माहिती दिली तेव्हा ६४ जीबीच्या मॉडेलवर वापरायला २३ जीबी आणि १२८ जीबीच्या मॉडेलवर ८३ जीबी मिळतील, असे सांगितले. पुढे हे आकडे सहा-सात जीबींनी वाढवले. वाढवूनही छोट्या मॉडेलची निम्म्याहून अधिक जागा ग्राहकाची नव्हतीच. यातला अन्याय असा की व्यवस्थेचा हा बोजा यंत्र लहान असो वा मोठे, जवळपास सारखाच पडतो; म्हणून स्वस्तातला लॅपटॉप घेणाऱ्याच्या वाट्याला तो सगळ्यात जड येतो. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्यात नौका शाकारलेल्या असतात, घरात नवे उत्पन्न नसते, आणि मुलांचे अकरावीचे किंवा महाविद्यालयाचे प्रवेशही याच सुमाराला येतात. अशा वेळी साठवलेल्या पैशांतून लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबाने जागेचा नेमका आकडा विचारणे म्हणजे चिकित्सेचा अतिरेक नव्हे. डिस्क भरून विंडोजचे अपडेटच बसेनासे झाले, तर तो लॅपटॉप काही वर्षांत निकामी समजला जाईल.

कंपन्यांकडून यावर उत्तर येते की असा आकडा छापणे शक्य नाही, कारण तो दर अपडेटला बदलतो. बदलतो हे खरे आहे. पण मागणी कायमच्या आकड्याची नाही. कारखान्यातून निघालेले यंत्र पहिल्यांदा सुरू केले की किती जागा रिकामी असते, एवढेच सांगायचे आहे. प्रत्येक मॉडेलवर एकाच ठशाने सॉफ्टवेअर भरले जाते, त्यामुळे हा आकडा कंपनीला आधीच ठाऊक असतो. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये तो सांगितलाही. सुटी डिस्क विकणाऱ्यावर ही सक्ती करू नये, कारण तिच्यावर पुढे काय बसवले जाईल हे त्याला माहीत नसते. लॅपटॉप विकणाऱ्याला ही सबब नाही. दुसरा युक्तिवाद क्लाउडचा: फाइली तिकडे ठेवा, डिस्क कशाला हवी? फुकटच्या मर्यादेपुढे क्लाउडचे भाडे दर महिन्याला भरावे लागते, त्याला इंटरनेट अखंड लागते, आणि विंडोज काही क्लाउडमध्ये हलवता येत नाही. नको ते काढून टाका, हा सल्ला उपयोगाचा आहे, पण तो खरेदीनंतरचा. किंमत मोजण्याआधी तुलना करता यायला हवी.

त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. वैध मापन कायदा २००९ चा आहे आणि त्याखालचे वेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे. त्या नियमांनी बिस्किटाच्या पुड्यावर वेष्टन वगळून निव्वळ वजन छापणे बंधनकारक केले आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र निव्वळ प्रमाण म्हणून ‘१ नग’ छापले की काम भागते. ज्या आकड्यावर किंमत ठरते, तो आकडा या नियमांच्या कक्षेबाहेर राहिला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यात एक दुरुस्ती करावी: साठवणक्षमता जाहीर करणाऱ्या प्रत्येक लॅपटॉप, टॅब्लेट आणि मोबाइलवर तिच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात, पहिल्यांदा सुरू केल्यावर रिकामी असलेली जागा छापावी, आणि दोन्ही आकडे एकाच मापात असावेत. ऑनलाइन दुकानांच्या पानावरही हीच ओळ असावी, कारण तिथे खोके हाताळायला मिळत नाही. तोवर ग्राहकाने दुकानात मांडलेले त्याच मॉडेलचे यंत्र उघडून रिकाम्या जागेचा आकडा पाहावा आणि तो बिलावर लिहून मागावा. दुकानदाराने नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.