आधीं निश्चय, मग शस्त्र

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी चिंचवडास आमच्या घरीं आला. त्याची कन्या चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. स्नान करतांना तिच्या हातास स्तनांत गांठ लागली. विवाह ठरलेला, म्हणून घरांतील वडील मंडळींचा आग्रह असा कीं, कोणास न कळतां परगांवीं जाऊन गांठ कापून टाकावी. "गुरुजी, काय करावें?" असें त्यानें विचारलें. प्रश्न वैद्यकाचा, आणि आमचा अधिकार केवळ वाचनाचा. तथापि एक गोष्ट सांगतां आली.

सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायांत कच्च्या व पिकलेल्या सुजेचा विचार केला आहे. कच्ची सूज अज्ञानानें कापणारा आणि पिकलेलीची उपेक्षा करणारा, या दोन्ही वैद्यांस तो सारखेच निंद्य ठरवितो. कारण दोघेहि निश्चय न करतां वागतात. तेथें विषय पुवाच्या सुजेचा आहे, स्तनांतील गांठीचा नव्हे. परंतु न्याय तोच.

हा निश्चय आज तीन साक्षींनीं होतो. पहिली, शल्यवैद्यानें हातानें केलेली तपासणी. दुसरी, प्रतिमेची: तरुण स्त्रीस बहुधा सोनोग्राफी, चाळिशीपुढें मॅमोग्राफीहि. तिसरी, जरूर वाटल्यास, सुईची. बारीक सुईनें सुट्या पेशी ओढून घेतात. जाड पोकळ सुईनें, जागा बधिर करून, आंतला बारीकसा तुकडाच काढतात. सुट्या अक्षरांवरून वाक्याचा अर्थ लागत नाहीं, तशी सुट्या पेशींवरून गांठीची रचना कळत नाहीं. तुकड्यांत ती कळते. म्हणून हल्लीं बहुधा दुसरी पद्धति पसंत करतात. सुई लावल्यानें रोग पसरतो, ही घरोघरची भीति अनाठायीं आहे.

तिन्ही साक्षी गांठ निरुपद्रवी असल्याचें एकमुखानें सांगत असतील, तर शस्त्राची घाई नको. तरुणपणीं आढळणारी फायब्रोअ‍ॅडेनोमा नांवाची गांठ बहुधा तशीच ठेवून ठराविक काळानें तपासतां येते. मात्र गांठ झपाट्यानें वाढूं लागली, फार मोठी असली, फायलोडिस जातीचा संशय आला, तुकड्यांत अस्वाभाविक पेशी दिसल्या, किंवा साक्षी परस्परविरुद्ध पडल्या, तर ती काढून तपासणें बहुधा इष्ट ठरतें.

लपविणें हें तर घाईहूनहि वाईट. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास आरंभिला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या सेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें केली. निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले: तपासलेल्या स्त्रियांत कर्करोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले. वेळींच हात लावून पाहण्याचें एवढें मोल आहे.

पिंपरीस महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय असतां गुपचूप परगांवीं जाण्याचें कारण काय, असें आम्हीं विचारलें. मुलीनें येथेंच तपासणी करून घेतली. जाड सुईनें काढलेल्या तुकड्यावरून गांठ फायब्रोअ‍ॅडेनोमाच ठरली. न कापण्याचा निर्णय तिनें स्वतः, शल्यवैद्यांशीं बोलून, केला. आणि वराच्या घरीं ही हकीकत तिनेंच सांगितली. विवाह ठरल्या तिथीस झाला. वडील मंडळींस जें सुचलें नाहीं तें मुलीस सुचलें, हें येथें प्रांजळपणें नमूद करतों.