टाकाऊतून टिकाऊ की टिकाऊतून टाकाऊ?

दिवाळीच्या सुमारास अनेक शाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर हस्तव्यवसायाची स्पर्धा भरते. रिकाम्या काचेच्या बरणीत पणती अथवा मेणबत्ती ठेवून केलेला शोभेचा दीप हा तीतील हमखास प्रकार होय. ही कल्पना स्तुत्य आहे. परंतु तिचे आजचे रूप मला मान्य नाही.

काच सुखासुखी जन्मास येत नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वितळवावे लागते. आपल्या पूर्वजांना तिचे मोल ठाऊक होते. लोकांकडून पैसा पैसा जमवून १९०८ साली तळेगावास पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना उभारला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. आज मात्र धडधाकट बरणी उकिरड्यावर टाकताना आपला हात कचरत नाही.

स्पर्धेत काय घडते? फुकटच्या बरणीवर विकतचे रंग, चमकी, मणी आणि फिती चढतात. प्रदर्शन संपताच ती अडगळीत जाते. स्वच्छ काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा गुण उणावत नाही. पण गोंद आणि चमकी यांनी माखलेली बरणी धड लोणच्याच्या कामाची राहत नाही, धड भट्टीच्या. शिवाय कागद, कापूस आणि फिती ज्योतीजवळ असणे धोक्याचे, ते निराळेच.

कोणी म्हणेल, सजावटीवाचून शोभा कशी येणार? त्यावर माझे उत्तर असे की, ज्योत हीच दीपाची सजावट आहे. बरणी धुऊन कोरडी करावी. तळाशी दोन बोटे कोरडी वाळू पसरून मधोमध लहान पणती ठेवावी. जाड काचेचा एकच भाग तापला, तर तो प्रसरण पावतो आणि उरलेला भाग थंडच राहतो. या ओढाताणीत काच तडकते. म्हणून ज्योत काचेस भिडू देऊ नये. बरणी रुंद तोंडाचीच घ्यावी, कारण अरुंद तोंडातून पुरेशी हवा आत जात नाही. जळता दिवा सोडून घराबाहेर जाऊ नये.

परीक्षकांस एक विनंती आहे. कोणी किती नटवले यापेक्षा कोणी किती कमी विकत आणले, हे पाहून गुण द्यावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, जी बरणी अजून लोणचे वा डाळ साठवू शकते, तिला आधी तेच काम करू द्या. तिचे झाकण हरवले, की मग खुशाल तिच्यात दिवा लावा. अशा साध्या दीपाचा प्रकाश काटकसरीचा असेल, पण तो मुळीच उणा नसेल.